पत्रिकेतला ‘कै.’

दादांनी कुऱ्हाड उचलली तेव्हा मी ओसरीवर बसून बूट काढत होतो. जालन्याहून हसनाबादपर्यंत एसटीनं आणि पुढं गावापर्यंत पायी आलो होतो. जालन्यात मी एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायचो. दुसऱ्या दिवशी चुलतभावाचं लग्न होतं. आमच्या घरातून कुणी जायचं की नाही ते ठरलेलं नव्हतं, तरी गावात असावं म्हणून मी सुट्टी काढली होती.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी माझ्यापुढं त्याच दिवशी हाती पडलेली लग्नाची पत्रिका फेकली.

“वाच. खालून वाच.”

खाली ‘आपले विनीत’ म्हणून भावकीतली नावं होती. सगळ्यांच्या आधी ‘श्री.’ आणि शेवटच्या नावाआधी ‘कै.’ ते शेवटचं नाव दादांचं होतं.

“जित्ता हाये ना मी? का न्हाई? मेलोय का?”

“दादा, छापणाऱ्याची चूक असंल.”

“सगळ्यांची नावं बराबर, अन् माझ्याच नावाला चूक?”

आई चुलीपुढून उठून दारात आडवी उभी राहिली. दादांनी तिला एका हातानं असं ढकललं की तिचं डोकं चौकटीवर आपटलं. ते बाहेर पडले.

नवरदेवाचे वडील म्हणजे आमचे चुलत काका. दादांचं आणि त्यांचं वैर बांधावरून सुरू झालेलं. मी शाळेत असताना काकांनी दादांच्या डोक्यात फावडं घातलं होतं. आईनं त्या जखमेत हळद दाबलेली मला अजून दिसते, आणि हळदीखालून उसळून येणारं रक्तही. पुढं दादा बरे झाले आणि एका सकाळी ओढ्यात दबा धरून त्यांनी काठीनं काकांच्या बरगड्या मोडल्या. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांच्या पुढच्या वाराची वाट बघत होती. आम्ही पोरं शाळेतसुद्धा भिंतीला पाठ लावून बसायचो. अशा घरात जिवंत माणसाच्या नावाआधी ‘कै.’ छापून आला, तर त्याचा एकच अर्थ निघत होता.

पत्रिका खिशात कोंबून मी एका पायात बूट घालून धावलो.

काकांच्या दारात मांडव पडला होता. हळदीचा दिवस होता. काका खाटेवर बसून कुणाला तरी सतरंज्या कुठं टाकायच्या ते सांगत होते. काही आठवड्यांपूर्वीच त्यांचे वडील वारले होते. म्हणून भादरलेल्या काकांच्या डोक्यावर नुकते खुंट उगवले होते. दादा थांबले नाहीत. सरळ घाव घातला. काकांनी उजवा हात वर केला म्हणून डोकं वाचलं. कुऱ्हाड कोपराच्या वर बसली. ओलं लाकूड फोडताना येतो तसा आवाज आला.

मग काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. काकांच्या थोरल्या मुलानं मांडवाचा बांबू उपसला. त्याचा पहिला फटका दादांच्या गुडघ्यावर आणि दुसरा तोंडावर. दादांचे दात मातीत पडले. मी दादांच्या अंगावर पडलो, तेव्हा तिसरा फटका माझ्या उजव्या मनगटावर आला. हळदीचं पातेलं कुणाच्या तरी पायानं लवंडलं. जमिनीवर पिवळं आणि लाल एकत्र वाहत होतं. मागून आलेल्या आईनं थोरल्याच्या दंडाचा असा चावा घेतला की तो बांबू टाकून ओरडला. नवरदेव मात्र हळद लागलेल्या अंगानं एका खांबाला धरून उभा होता.

लग्नासाठी आणलेली एकच जीप होती. गावातल्या लोकांनी दोन्ही जखमींना तिच्यातच घातलं. काका मागच्या बाकावर, हाताला धोतर गुंडाळलेलं. दादा खाली पत्र्यावर. मधे मी आणि थोरला, एकमेकांचे गळे धरायला तयार. खड्डा आला की काका आणि दादा दोघंही कण्हायचे.

राजूर मागं पडल्यावर काका बोलले. आवाज अगदी बारीक होता.

“बाबानं सांगतलं म्हणून घातलं तुझं नाव. मरायच्या आधी सांगतलं त्यानं. ते बी आपलंच लेकरू हाये म्हणला, त्याचं नाव घाल. मला न्हवतं घालायचं.”

दादा फुटक्या तोंडानं म्हणाले, “अन् कै. बी त्यानंच सांगतलं का?”

“काय कै.?”

मी खिशातून पत्रिका काढून काकांच्या डोळ्यांपुढं धरली. त्यांनी ती पाहिली आणि डोळे मिटले. थोरल्यानं ती माझ्या हातातून ओढून घेतली. त्यानंही ती ओळ आत्ताच पाहिली होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात दादांच्या खाटेजवळ पोलीस बसला. तीनशे सातचा, म्हणजे जिवे मारायच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. माझ्या हाताला प्लास्टर घालून मी बाहेर आलो, तर थोरला आपल्या दोन मित्रांसह फाटकात उभा होता. मला वाटलं, आता राहिलेलं इथंच पूर्ण करणार.

“चल,” तो म्हणाला. “पत्रिका ज्यानं बनवली त्याच्याकडं. तुला कळतं ना कंप्युटरमधलं? त्यानं पैसे खाऊन केलं का कुणी करायला लावलं, ते तू काढ. अन् न्हाई निघालं तर तू अन् तो, दोघं बी.”

डीटीपीचं, म्हणजे कंप्युटरवर पत्रिका जुळवून द्यायचं दुकान जुन्या जालन्यात एका गल्लीत होतं. चालवणारा चाळिशीचा, चष्मा लावलेला माणूस. मी त्याला तोंडओळखीनं ओळखत होतो. थोरल्यानं काही न विचारता त्याला कॉलरला धरून काउंटरवरून बाहेर ओढला. चष्मा फुटला. मित्रांपैकी एकानं कीबोर्ड उचलून त्याच्या पाठीत घातला, त्याची बटणं सगळ्या दुकानभर उडाली. दुसऱ्यानं मॉनिटर उचलून जमिनीवर आपटला. मोठा स्फोट झाल्यासारखा आवाज होऊन काच फुटली.

“गेलं!” तो माणूस नाकातलं रक्त पुसत रडायला लागला. “सगळं काम गेलं माझं. आता कसं दाखवू तुम्हाला?”

थोरल्यानं मग टेबलाखालच्या डब्यावर लाथ उगारली. मी आडवा पडलो. ती लाथ माझ्या कमरेत बसली.

“याला हात लावू नको!” मी ओरडलो. “ती फक्त काच होती, टीव्हीसारखी. लिहिलेलं सगळं या डब्यात आहे. हा फुटला तर तुला काहीच कळणार न्हाई.”

थोरला थांबला. पाय अजून उचललेला होता. “खरंच?”

“बिलकुल खरं.”

मी वायरी सोडल्या. जीपमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो आणि रक्तबंबाळ डीटीपीवाल्यासकट आम्ही सगळे माझ्या क्लासवर गेलो. तिथं शिकायला आलेली मुलं आमचे कपडे बघून मागच्या दारानं निघून गेली. मी क्लासचा मॉनिटर आणि कीबोर्ड त्या डब्याला जोडला. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून माऊस डावीकडं घेतला. थोरला माझ्या मानेवर हात ठेवून मागं उभा होता. हात प्रेमानं ठेवलेला नव्हता.

पत्रिकेची फाईल निघाली. वर काकांच्या वडिलांच्या नावाआधीही ‘कै.’ होता. मी डीटीपीवाल्याला विचारलं, “म्हातारे वारले तेव्हा तुम्ही काय केलंत, ते बराबर सांगा.”

“पत्रिका तयार होती,” तो थोरल्याकडं बोट करून म्हणाला. “हे आले अन् म्हणले, आजोबा गेले, त्यांच्या नावाला कै. करा, जल्दी करा. आजोबांचं नाव तीन-चार जागी होतं. मी करून दिलं.”

“हातानं?”

त्यानं बाहीनं नाक पुसलं. मग म्हणाला, “शोधून बदलायचं असतं ना, त्यानं. सगळे बदला म्हणून बटण हाये, ते दाबलं.”

ते बटण मी रोज शिकवत होतो. एक शब्द शोधायला सांगायचा, त्याच्या जागी दुसरा द्यायचा, आणि रिप्लेस ऑल दाबलं की फाईलभर सगळीकडं एका झटक्यात बदल. मुलं टाळ्या वाजवायची. पण यंत्राला आजोबा कोण आणि दादा कोण हे माहीत नसतं. ‘श्री’ काढून ‘कै’ घाल म्हटलं, की पानावरचा प्रत्येक ‘श्री’ गेला.

“मंग बाकीच्यांच्या नावाला श्री कसं काय?” थोरल्याचा हात मानेवर घट्ट झाला.

“मला दिसलं ना, सगळेच कै. झालेले. वर गणपतीच्या ओळीत बी कै झालं होतं. म्हणून एक-एक बघून परत श्री केले.” डीटीपीवाला माझ्याकडं बघत म्हणाला. “सगळे केले मी. आईची शपथ.”

“आमच्या दुश्मनाचा तेवढा ठेवला,” थोरला म्हणाला. “अन् तुझ्यामुळं माझ्या बापाचा हात गेला.” त्यानं त्या माणसाच्या कानाखाली इतक्या जोरात मारली की तो खुर्चीसकट पडला.

मी शोधायची चौकट उघडली आणि फक्त ‘कै’ शोधायला लावलं. यंत्र पहिल्यांदा आजोबांच्या नावावर थांबलं. पुढं आणखी दोनदा आजोबांवर. मग दादांच्या नावावर. थोरला श्वास रोखून बघत होता. मी पुन्हा बटण दाबलं. पान खाली सरकलं, आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात छापलेल्या लग्नस्थळाच्या पत्त्यावर येऊन थांबलं.

‘कैकृष्ण मंदिरासमोर.’

थोरल्यानं खिशातली रक्तानं चिकटलेली पत्रिका काढली, उलगडली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. छापलेल्या कागदावरही तेच होतं. गावभर वाटलेल्या प्रत्येक पत्रिकेत होतं, आणि कुणीही वाचलं नव्हतं.

तो खाली फरशीवर बसला. आधी त्यानं एकदा स्वतःच्या तोंडात मारून घेतली, मग भिंतीवर डोकं आपटायला लागला. आम्हाला तिघांना मिळून त्याला धरावं लागलं. डीटीपीवालासुद्धा त्याचे पाय धरून बसला होता. नाक अजून वाहत होतं.

संध्याकाळी दवाखान्यात मी दादांना सांगितलं. पोलीस ऐकत होता. दादांनी सुजलेल्या ओठांमधून एवढंच विचारलं, “देवाला बी मारलं का त्यानं?”

“हो.”

ते भिंतीकडं तोंड करून झोपले. खांदे हलत होते.

काकांचा हात कापावा लागला नाही, पण कोपराखाली तो पुन्हा कधी हलला नाही. लग्न नंतर मंदिरातच मोजक्या माणसांत झालं. दादा जामिनावर सुटले. गुडघा मात्र वाकेनासा झाला. मी क्लासमध्ये परत गेलो आणि रिप्लेस ऑल शिकवायची पद्धत बदलली. आधी फाईलची दुसऱ्या नावानं एक नक्कल ठेवायची. मग एकेक जागा बघून बदलायची. शेवटी कागदावर छापून, ज्यानं टाईप केलं नाही अशा माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्यायची. एखादा विद्यार्थी म्हणायचा, सर, यात वेळ जातो. मी म्हणायचो, जाऊ दे. एकदा एकानं मी ओरडेपर्यंत ऐकलं नाही, तेव्हा मी त्याच्या हातातला माऊस इतक्या जोरात हिसकावला की वायर तुटली. राग अजून माझ्याही अंगात होता.

खटला काही वर्षं चालला. काकांना साक्षीला उभं केलं तेव्हा सरकारी वकिलानं विचारलं, वार कुणी केला. काका त्या लोंबत्या हातानं कठड्यात उभे होते. म्हणाले, “गर्दी होती साहेब. दिसलं न्हाई.” वकिलानं तीन-चार वेळा फिरवून विचारलं. उत्तर तेच. थोरल्याचंही तेच. दादा सुटले.

बाहेर आवारात लिंबाखाली काका एकटेच उभे होते. डाव्या हातानं खिशातून तंबाखूची पुडी काढली, पण चुना लावून मळायला दुसरा हात नव्हता. पुडी तशीच हातात धरून ते इकडंतिकडं बघत राहिले. दादा लंगडत त्यांच्यापाशी गेले. पुडी घेतली, आपल्या तळहातावर तंबाखू मळली, फुंकर मारली आणि हात पुढं केला. काकांनी चिमूट उचलून तोंडात टाकली.

हसनाबादची गाडी लागली तेव्हा दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले.