एका लेडीज सायकलचं वेळापत्रक

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला तुमच्या गावातल्या सायकली दाखवल्यात. रस्त्याकडेला ओळीने उभ्या, फोन टेकवला की कुलूप उघडतं, काम झालं की दुसऱ्याच चौकात सोडून द्यायची. धाकटीने विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असं काही नव्हतं ना?"

होतं. फक्त सायकल एकच होती आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्या आठ जणी होत्या. सगळं क्रमाने लिहून पाठवते आहे, कारण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही.

तुमची आई तेव्हा अकरा वर्षांची होती. आम्ही अंधेरीला, पूर्वेकडे मरोळच्या बाजूला राहत होतो. इमारतीच्या मागे एक मोकळा प्लॉट होता आणि कोपऱ्यावर तासावर सायकली देणारं दुकान. दुकानदार मूळचे मालवणकडचे. संपात गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी जुन्या सायकली दुरुस्त करून हा धंदा मांडला. दहा-बारा सायकली होत्या, पण मधला दांडा नसलेली, मागच्या चाकाला जाळी असलेली, म्हणजे साडी किंवा फ्रॉक न अडकणारी लेडीज सायकल एकच. सोमवार ते शनिवार दिवसभर आणि रविवारी दहानंतर ती एका नर्सबाईंनी महिन्याच्या बोलीवर घेतलेली असे. उरली रविवारची सकाळ. आमच्या इमारतीतल्या मुली आठ ते दहा असे दोन तास ती सायकल मिळून घेत आणि दोन तास भांडत.

"ए, उतर ना आता. तुझे तीन राउंड झाले."

"दोनच झाले. एकात चेन पडली होती, तो धरायचा नाही."

"वा गं वा. पडली तुझ्यामुळे आणि धरायचा नाही?"

मला असला गोंधळ सहन होत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, ऑफिसात टायपिंग करणारी बाई मी. कार्बन लावून वेळापत्रकाच्या तीन प्रती काढल्या. सात नावं, प्रत्येकीला सतरा मिनिटं, गैरहजर राहिल्यास वेळ पुढच्या नावाला. एक प्रत जिन्यात चिकटवली, एक दुकानात दिली, एक माझ्याकडे. रविवारी मी घड्याळ घेऊन पायरीवर बसू लागले. दुकानदार हसून म्हणाले, "वयनी, सायकल माझी, टायम तुमचो. माका मधी घेव नकात." भांडणं थांबली. मला फार समाधान वाटलं.

यादीत नंतर आलेलं आठवं नाव मुलीचं नव्हतं. तळमजल्यावर परभणीकडचं एक बौद्ध कुटुंब राहायला आलं होतं. नवरा कारखान्यात शिफ्टला जायचा. त्याची बायको असेल वीस-एकवीस वर्षांची. मॅट्रिक झालेली, बालवाडीचा कोर्स केलेली, बोलायला हळू. एका संध्याकाळी ती वर आली आणि म्हणाली, "काकू, माझं पण नाव घाला."

तिला आरे कॉलनीतल्या आदिवासी पाड्यांवर बालवाडी शिकवायची नोकरी मिळाली होती. सकाळी एक पाडा, दुपारी दुसरा, मध्ये झाडीतला लांब रस्ता. बस मोठ्या रस्त्यावरच सोडायची. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेची एक सायकल होती, तीच वापरायची.

"मुलाखतीत साहेबांनी विचारलं, सायकल येते का. मी म्हणाले, येते."

"आणि येते?"

"नाही ना, काकू. तोंडातून निघून गेलं. माझ्यामागे चौघी बसल्या होत्या, त्यांनाही तेच विचारणार होते." मग खाली बघत म्हणाली, "एक तारखेला हजर व्हायचंय. तीन रविवार आहेत."

मी तिचं नाव शेवटी टाइप केलं. पंधरा मिनिटं. त्यासाठी आधीच्या सातजणींचे दोन-दोन मिनिटं कापावी लागली, तीही मी बरोबर हिशेब करून कापली. याहून न्याय्य काय असणार, असं मला अगदी मनापासून वाटलं.

पहिल्या रविवारी ती साडी खोचून सीटवर बसली, दोघींनी मागून कॅरिअर धरलं, आणि पंधरा मिनिटांत ती चार वेळा पडली. पाचव्यांदा चढत होती तेव्हा दहा वाजले. मी म्हटलं, "वेळ झाली." ती लगेच उतरली. धूळही झटकली नाही, आधी सायकल पुसली.

दुसऱ्या रविवारी सकाळपासून काहीतरी बिनसलं होतं. पहिल्या मुलीचं पोट दुखायला लागलं. दुसरीचा गृहपाठ राहिला होता. तिसरीची चप्पल तुटली होती, जी मला पायात धडधाकट दिसत होती. प्रत्येकजण येऊन एकच सांगे, "काकू, माझा नंबर त्या ताईला द्या."

"असं देता येत नाही," मी म्हणाले. "वेळ पुढच्या नावाला जाते. खाली लिहिलंय." पण पुढचं नावही सायकलला हात लावायला तयार नाही. सायकल भिंतीला टेकून उभी, ती बिचारी तिच्या शेजारी उभी, आणि मी हातात कागद घेऊन.

शेवटी तुमच्या आईचं नाव आलं. शुक्रवारपासून ती रविवारची वाट बघत होती. ती माझ्याजवळ पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "मला कंटाळा आलाय."

मी रागावले. सगळ्यांनी मिळून माझ्या कागदाची थट्टा चालवली आहे असं मला वाटलं. "हाच कंटाळा काल कुठे गेला होता? नियम केला तेव्हा सगळ्या हो म्हणालात ना?"

ती म्हणाली, "आई, आम्हाला पुढच्या रविवारी पण आहेत पंधरा मिनिटं. आणि त्याच्या पुढच्या. तिला कुठे आहेत?"

आपली चूक मुलीसमोर कबूल करणं तेव्हा मला जमत नसे. मी एवढंच म्हणाले, "तिला सांग जा, साडेनऊला येऊन बसेन, तोपर्यंत मला ऊन लागतंय." आणि घरी गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्लॉट दिसायचा. सातही जणी तिच्यामागे धावत होत्या, चप्पल तुटलेली सगळ्यांत पुढे.

सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी नवा कागद टाइप केला. तिसऱ्या रविवारी आठ ते दहा, एकच नाव. दुसऱ्या मजल्यावरच्या एका आईने विचारलं, "आमच्या मुलीने काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, "काही नाही, तिनेच सुचवलंय." ते खरंच होतं.

त्या रविवारी दुकानदार स्वतः पाना घेऊन आले आणि सीट दोन बोटं खाली केली. "तोंड वर कर गो. चाकाकडे बघलंस तर चाकाखालीच जातलंस." कोपर सोललं, दोन बांगड्या गेल्या, पण नऊच्या सुमारास ती सरळ गेली. मग वळली. मग प्लॉटला फेऱ्या घालू लागली, आणि थांबेचना. दहा वाजून गेले.

"काकू," ती जाता जाता ओरडली, "उतरायचं कसं?"

उतरणं शिकवायचं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मुलींनी धावत जाऊन दोन्ही बाजूंनी सायकल धरली, तेव्हा ती खाली आली. एव्हाना नर्सबाई सायकलीसाठी येऊन उभ्या होत्या. मी घड्याळ पर्समध्ये टाकलं.

एक तारखेला ती गेली. संध्याकाळी मी गॅलरीत उभी राहून वाट बघितली. ती चालत आली, धडधाकट, आणि खालूनच हात हलवला.

"चढता येतं, काकू. उतरायचं तेवढं राहिलंय."

"मग पाड्यावर काय केलंस?"

"लांबूनच घंटी वाजवली. बालवाडीची पोरं पळत आली आणि सायकल धरली. मग उतरले. त्यांना वाटतं, बाईंना अशीच सवय असते."

दिवाळीच्या सुमारास तिने मला जिन्यात गाठलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "काकू, आता उतरता येतं मला. पण पोरांना अजून सांगितलं नाही."