गुलालाच्या मुठी

सदाशिव गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर कळवलं, त्याला आता दीड महिना होईल. जे लिहितोय ते तो असताना त्याच्यासमोर बोलायला हवं होतं. वर्षानुवर्षं टाळत आलो...

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात आम्ही दोघं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालो आणि संशोधनाच्या एकाच जागेसाठी उभे राहिलो. सरांनी दोघांनाही विभागासमोर बोलायला लावलं. नेसरीचा सदा लेसरवर बोलला. बोलता बोलता त्यानं खिशातून जोतिबाच्या यात्रेतली गुलालाची पुडी काढली. "पळत्या माणसावर समोरनं मुठी मारत ऱ्हायचं. एका मुठीनं काय न्हाय हुत, पण मारतच ऱ्हायलं की गडी मंदावतोय. अणूचं तसंच हाय. समोरनं येणाऱ्या लेसरचा एकेक धक्का बारीक, पण अणू मंदावतोय. अणू मंदावले म्हंजे वायू गार झाला. मग उजेडातच धरून ठेवायचा त्याला!"

मी मागच्या बाकावरून ओरडलो, "आरं, उजेड पाडून गार हुतंय व्हय? मग फ्रिज कशाला, दूध बल्बखाली ठेव की!"

सगळे हसले. सरही हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "परदेशी नियतकालिकं तू वाचतोस. यात काही तथ्य आहे का?"

तथ्य होतं. आदल्याच आठवड्यात ग्रंथालयात मी तसा लेख वाचला होता. सदा माझ्याकडे बघत होता, हातात गुलाल तसाच.

"माझ्या तरी वाचनात नाही, सर."

जागा मला मिळाली. सदा नेसरीच्या शाळेत शिक्षक झाला. पुढे काही वर्षांनी परदेशात अणू खरोखरच मंदावून पकडल्याची बातमी आली, तेव्हा तो एस.टी.नं पेढे घेऊन माझ्या घरी आला. "झालं की रं!" एवढंच म्हणाला. मी पेढा खाल्ला.

परवा नेसरीला जाऊन आलो. वहिनींनी चहा दिला. "भावजी, तुमची आठवण दरवर्षी निघायची बघा वर्गात." उष्णतेचा धडा सदा म्हणे माझ्याच प्रश्नानं सुरू करायचा. दूध बल्बखाली का ठेवत नाहीत? "माझ्या दोस्तानं इचारलेला लय भारी प्रश्न हाय," असं पोरांना सांगायचा आणि मग गुलालाची पुडी उघडायचा. ती पुडी अजून खिडकीत आहे, निम्मी संपलेली.

उंबऱ्यापाशी मी थांबलो. "वहिनी, त्या दिवशी..."

"काय, भावजी?"

"चहा चांगला झाला होता," म्हणालो, आणि चपला घातल्या.