मामीच्या मांगची झील

आमच्या समुद्रपूर तालुक्यात माह्याएवढे भजनं कोणालेच येत नसन. अडचण एकच हाय, मले त्यातल्या एकाचीही सुरवात येत नाई.

कारण मी झीलकरी. मामी पुढं बसून कडवं म्हणे, अन् त्याचा शेवटचा तुकडा आमी मांगं बसलेले लोकं उचलून धरो. त्यालेच झील म्हणते. म्हंजे भजनाच्या सगळ्या शेपट्या माह्याजवळ, बैल मामीजवळ.

मामी म्हंजे माही सासू, वच्छलाबाई. मी तिचा घरजवाई. शाळेत मीही गेलतो, पण मास्तर हजेरी घ्यायच्या आंधीच वापस येत होतो. मले पाह्याले बोलावलं तवा बाकीच्यायनं वावर किती, बैल किती, हेच विचारलं. मामी चुलीपासून मधातच बोलली, "पोराचा गळा कसा हाय?"

मी छाती फुगवून म्हटलं, "लय गोड!" अन् म्हणूनही दाखवलं. अंगणातल्या बकरीनं दावं तोडलं. माहा बाप खाली मान घालून चपला शोधाले लागला. मामी म्हणे, "आवाज मोठा हाय. मांगं बसवता येईन." झालं, लग्न जमलं. शांताले, म्हंजे माह्या बायकोले, मी पसंत होतो का नाई, हे अजूनही कोणी विचारलं नाई.

दर गुरवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन. विधवा बाईनं खंजेरी वाजवावी अन् जवायानं मांगून बोंबलावं, याच्यावर गाव हासे. मी मामीले सांगतलं तं म्हणे, "हासू द्या. हासाले तरी देवळापर्यंत येते ना लोकं?"

भजनाच्या आंधी गोवरीच्या निखाऱ्यावर खंजेरी शेकाचं काम माह्याकडं. पावसाळ्यात चामडं ढिलं पडे, शेकलं का खणखण वाजे. एकदा मी गप्पा हाणत बसलो अन् चामडं जळालं. मामीनं खंजेरी वर धरली, त्या भोकातून माह्याकडं पाह्यलं. "काऊन जवाईबुवा, देवाले तुमी दिसले पाह्यजे म्हणून खिडकी ठेवली का?" त्या गुरवारी तिनं जेवाचं जर्मनचं ताट वाजवलं, पण भजन चुकवलं नाई. जाम गावच्या फाट्यावर एस.टी. बंद पडली होती, तवाही तसंच. चहाच्या टपरीसमोर मामीनं बसकण मारली. ट्रकवाले जेवण सोडून आयकत बसले. कंडक्टर म्हणे, "बाई, दुसरी गाडी आली, चला." मामी म्हणे, "एवढं कडवं होऊ दे बाबू, गाडी काही देवाची नाई."

पण मले खरी मामी भेटे ते देवळातून वापस येताना. वाटेनं हळूच विचारे, "आज कोणत्या ओळीवर तुमचं ध्यान सुटलं?"

"मधातल्या. भाकरीसंगं झुणका असन का वांगं, याचा विचार करून राह्यलो होतो."

मामी पदर तोंडाले लावून हासे. "माहंही तिथंच सुटलं. मले वाटे वांगंच असन."

देवाबद्दल असं खरं बोलाले मले दुसरं कोणी नव्हतं. बुवा लोकायपुढं बसलो का मी डोळे मिटून सोंग करो. मामीपुढं सोंग करता येत नव्हतं, अन् कराची गरजही नव्हती.

मंग मामीले लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. बाजेवर पडल्यापडल्या एक-एक शब्द काढत म्हणे, "गुरवार... बंद पडू देऊ नका."

"मामी, मले सुरवात येत नाई ना."

"मंग शेवटापासून करा. पण करा."

कापूस वेचाच्या दिवसात ती गेली. मसनवटीत मी असा रडलो का लोकं चक्रावले. सासूसाठी एवढा रडणारा जवाई त्यायनं पाह्यला नव्हता. एक जण कानात म्हणे, "वावर तुह्या नावावर नाई केलं का रे?"

तेरवी झाली अन् गुरवार आला. आमच्यातले म्हातारे नामाजी म्हणे, "राहू दे आता. दुसरा बुवा भेटला तं पाहू."

मी म्हटलं, "आजच होईन."

त्या दिवशी मी खंजेरी शेकली, कोणाशी एक शब्द बोललो नाई. कंदील लावला. मामीच्या जागेवर जाऊन बसलो. थाप मारली, खणखणीत वाजली. अन् मी तसाच बसून राह्यलो.

"कोणाची वाट पाहून राह्यला बाबू?" नामाजीनं विचारलं.

तवा मले समजलं का मी मामीच्या सुरवातीची वाट पाहून राह्यलो. मनात म्हटलं, आज बंद पडलं तं कायमचं बंद पडीन. मंग जे येत होतं तेच घेतलं, झीलच. जोरात म्हटली. कोणीच उचलली नाई. आंधी कडवंच नाई, तं झील उचलतीन कशी? पुन्हा म्हटली. मारुतीसुद्धा माह्याकडं पाहून राह्यला असं वाटलं. तरी थांबलो नाई, रडतरडत तीच शेपटी हाणत राह्यलो.

अन् दारातून कडवं आलं. पुरं, पहिल्या शब्दापासून, मामीच्याच चालीत.

शांता उभी होती, हाताले पीठ तसंच. मी अन् मामी देवळात बसो तवा भाकरी थापाले ती घरी राहे. पण मामी चुलीपाशी जे गुणगुणे, ते सगळं हिनं आयकून ठेवलं होतं. मले कधी मालूमच नाई पडलं. आता नामाजीनं झील उचलली, मंग सगळ्यायनं. मी बसल्याबसल्या तिच्याकडं हात केला, का ये, माह्याजवळ बस.

कडवं सरलं तशी ती आत आली अन् माह्या हातातून खंजेरी काढून घेतली.

"उठा तिथून. मांगं बसा. मांगं बसवाले म्हणूनच मायनं तुमाले माह्या गळ्यात बांधलं होतं."