दादाच्या गाडीचा दिवा

जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या तुम्हा सगळ्यांना आज पहाटेचीच गोष्ट सांगतो.

माझ्या थोरल्या भावाची मोटारसायकल नव्वद सालापासून शेळगावला आमच्या गोठ्यात उभी आहे. दादा तिच्यावरून अंधारातच बारामती एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायचा. एका गळीत हंगामात कॅनॉलच्या वळणावर उसाच्या उभ्या बैलगाडीवर आदळला आणि गेला. सगळे म्हणाले, वेग नडला. आम्हीही तेच म्हणत आलो.

आता गाडी दुरुस्त करून चालू केली आणि तिला इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि बारा व्होल्टचं चार्जिंग बसवायचं ठरवलं. जुनी वायरिंग काढण्याआधी शेवटची फेरी मारावी म्हणून आज कॅनॉलपर्यंत गेलो.

वळणावर गाडी हळू केली आणि दिव्याचा पार निखारा झाला. पुढचं काही दिसेना. हातानं आपोआप ॲक्सिलरेटर पिळला, तेव्हा कुठं रस्ता दिसला.

घरी येऊन आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं, "दादा मस्तीत पळवत नव्हता. गाडी हळू केली की त्याला दिसायचंच नाही."

आबा गाडीकडं बघत म्हणाले, "मी रोज दारातनं सांगायचो, हळू जा. त्या दिवशी ऐकलं आसंल त्यानं."

आता हळू चालवली तरी दिवा लख्ख राहील म्हणे. नवं किट अजून खोक्यातच आहे. तुम्ही बसवलं असतं का?