नजर उडते तेवढ्यात

मुलीनं कॉलेजच्या प्रकल्पासाठी आणलेला व्हीआरचा हेडसेट पहिल्यांदा माझ्याच डोळ्यांवर चढवला. दुसऱ्या दिवशी मला आईला गाडीतून तुळजापूरला न्यायचं होतं. कोजागरीमुळे रस्ताभर पायी जाणारे लोक असणार होते.

हेडसेटमध्ये एक खोली दिसत होती. तिच्यातल्या वस्तू वीस वेळा बदलणार होत्या आणि बदल दिसला की बटण दाबायचं होतं. दुकानात पोती मोजताना फिरवतो तशी मी झपाझप नजर फिरवली.

"अप्पा, विसात सातच!"

"तुझं यंत्र बिघडलंय."

"यंत्र न्हाय बिघडलं. डोळा इकडून तिकडं उडतो, तेवढ्या क्षणात बदल कळत न्हाय. हेडसेटला डोळ्याची हालचाल कळते, म्हणून मी वस्तू नेमक्या तेव्हाच बदलत होते. आता एका जागी बघा."

नजर स्थिर ठेवली, तेव्हा सतरा बदल सापडले.

"गाडी चालवताना मी असंच भराभर बघतो," मी म्हणालो.

शेजारी बसलेली आई म्हणाली, "मग मी चालत जाते की. निदान पोचंन तरी!"

दुसऱ्या दिवशी गाडी ताशी तीसच्या वर नेली नाही. एका वळणावर डावीकडं पाहिलं, आरशात पाहिलं. डावी बाजू मोकळी वाटली. तरी पुन्हा तिकडं नजर नेऊन थांबवली. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई रस्त्यावर उतरली होती. मी करकचून ब्रेक दाबला.

"काय झालं रे?" आईनं विचारलं.

बाई पलीकडं पोचेपर्यंत मी ब्रेकवरचा पाय उचलला नाही.