साक्षीदाराची डावी बाजू

प्रत्येक प्रश्नाला साक्षीदार आधी डावीकडे बघायचा, मग उत्तर द्यायचा. माझं डोकं तापत चाललं होतं.

साक्ष व्हिडिओवर चालली होती. आमच्या तालुक्याच्या कोर्टात भिंतीवर स्क्रीन, अन् साक्षीदार नागपुरात स्वतःच्या घरी. गुडघे गेलेत म्हणून सवलत घेतलेली. अशा वेळी कोर्ट तिकडे एक कोऑर्डिनेटर नेमतं. खोलीत तिसरं कोणी नाही, साक्षीदाराला कोणी पढवत नाही, एवढंच त्याने बघायचं. एवढंच!

माझी अशील शांताबाई, कामरगावची. तिच्या भावाने कागद काढला होता, की बहिणीने वडिलांच्या वावरातला हिस्सा सोडला. बाईने त्या कागदावर आपल्यासमोर सही केली, असं हा साक्षीदार ठासून सांगत होता. साक्ष टिकली असती तर वावर गेलंच होतं.

"वकीलबाई, या मानसाले म्या जन्मात पाह्यलं नाई," शांताबाई माझ्या कानाशी म्हणाली.

मी हरकत घेतली. "सर, कॅमेरा फिरवून खोली दाखवायला सांगा."

कोऑर्डिनेटरने लॅपटॉप उचलला अन् गरकन फिरवला. कपाट, कॅलेंडर, खिडकी. माणूस कुठेच नाही.

समोरचे वकील हसले. "मॅडम, म्हाताऱ्याची मान हाय, वळनारच. कायले त्याच्या मांगं लागून राह्यल्या तुमी?"

जेवणाची सुट्टी झाली.

दोन वाजता शिपायाने पुकारा केला, न्यायाधीश आत आले. आम्ही सगळे उठलो. तिकडे साक्षीदार खुर्चीतच बसून होता. पण त्याच्या डावीकडे एक काळा कोट उभा राहिला. गळ्यात वकिलाचा पांढरा बँड. कोटाने वाकून नमस्कार केला अन् पुन्हा टेबलाआड खाली बसून गायब झाला.

समोरच्या वकिलांचा ज्युनिअर! कॅमेरा फिरला तसा हा कॅमेऱ्याच्या पाठीमागून फिरला होता. अरे बाबा, चोरून पढवायला बसलास तर निदान बँड तरी काढून ठेव!

"हे कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सर, ते... पाणी द्यायला आले होते," कोऑर्डिनेटर म्हणाला.

"बँड लावून?"

समोरचे वकील फाइलमध्ये तोंड खुपसून बसले. आता का नाही हसत, मी मनात म्हटलं.

ती साक्ष बाद झाली. साक्षीदाराने स्वतः हजर व्हावं, असा हुकूम निघाला. पुढच्या तारखेला हा गुडघे गेलेला माणूस कोर्टाच्या पायऱ्या टणाटण चढून आला. मी एकच विचारलं, "इथे बसलेल्या बायांत शांताबाई कोणती, दाखवा."

त्याने डावीकडे बघितलं. डावीकडे भिंत होती. मग त्याने बाकावरच्या भलत्याच बाईकडे बोट केलं.

शांताबाईचा हिस्सा वाचला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "खोटं शिकवाले बसला होता मेला, पन सायबाले पाहून उठलाच!"

कॅमेरा फिरवून खोली दाखवायचा नियम चांगलाच आहे. पण व्हिडिओवर साक्ष असली की न्यायाधीश आत येताना मी आता स्क्रीनकडे तोंड करून उभी राहते.