सुई उचलणारे बाबा

"कॉन्व्हेंटची पोरगी हाय ते, तिले ठुमरीतलं काय समजते," बाबा शेजारच्या काकांना सांगत होते. मी चहा घेऊन दारातच थबकले.

रेकॉर्डच्या जुन्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला की नंदनवन कॉलनीतल्या घरातली ती दुपार आठवते. बाबांनी लावलेल्या रेकॉर्डवर एक बाई ठुमरी गात होत्या; असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. पण बाई जरा रंगल्या की बाबा सुई उचलत, काकांना ती जागा समजावत आणि पुन्हा पहिल्यापासून लावत. ठुमरीचा अंतरा काही येईना. काका आपले "वा गा वा" म्हणत होते.

एवढा आनंद बाबांना एकट्याला पेलत नसावा, असं आज वाटतं. तेव्हा मात्र त्यांचा हात पुन्हा सुईकडे गेला आणि पाहुण्यांसमोर कधी तोंड न उघडणारी मी म्हणाले, "बाबा, राहू द्या ना. मला पुढचं ऐकायचंय."